गाडीवानाला तिसरी ताकीद

तीर्थरूप आत्यास,

लांबूनच पाया पडते, कारण जवळ आले तर तू आधी कान धरशील आणि मग कारण विचारशील. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक, म्हणजे इकडे मी एकटीच आहे आणि ठीक नाही. पत्र नेहमीप्रमाणे काकाच वाचून दाखवतील. काका, सावकाश वाचा, आणि कंसातलं मनातल्या मनात वाचा. ते फक्त तुमच्यासाठी आहे.

माझ्या नोकरीबद्दल तू सगळ्यांना सांगतेस, की आमच्या पोरीला वाचायचे पैसे मिळतात. ते खरंच आहे. पण मी काय वाचते हे तुला सांगायचा धीर मला आजवर झाला नाही. आमच्या कंपनीचा एक खेळ आहे, फोनवर खेळायचा. एकमेकांना न ओळखणारे चौघे मिळून काचेच्या बरण्यांनी भरलेला गाडा पुलावरून ढकलतात. एकाने जरी हात सोडला तरी गाडा नदीत. मग उरलेले तिघे त्याला चॅटवर जे जे म्हणतात ते मी दिवसभर वाचते. टायरच्या दुकानावरची लांबट खोली, खिडकीत मागच्या लाँड्रीची वाफ, आणि खुर्ची अशी की बसलं की हळूहळू खाली जाते. संध्याकाळपर्यंत माझी हनुवटी टेबलाला टेकते. शिवी दिसली की पहिली ताकीद, पुन्हा दिसली की दुसरी. तिसऱ्या ताकिदीला त्या माणसाचं चॅट बंद होतं आणि समोर एकच प्रश्न येतो: तुम्हाला राग का आला? त्याचं धड उत्तर आलं तर आम्ही विचार करतो, नाही आलं तर खातं कायमचं बंद. शिवाय सगळ्यांना एक सल्ला पाठवायचा असतो, की राग आला तर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसा, म्हणजे काही लिहिता येणार नाही. (मी स्वतः ऑफिसात अर्धा दिवस तशीच बसते, काका. राग येतो म्हणून नाही, भीती वाटते म्हणून.)

तर मध्यंतरी 'गाडीवान' नावाचा एक खेळाडू माझ्या वाट्याला आला. शिव्या देणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण या माणसाचं काही वेगळंच होतं. हात सोडणाऱ्याला तो म्हणायचा, तुझ्या बोटांना लोणी फासलंय का. आणि लगेच खाली, दूध उतू चाललंय, दूध. मग, तुझं घर शोधून काढते की नाही बघ. आणि त्याच्याखाली, लाटणं कुठे ठेवलंत, आधी लाटणं द्या इकडे. माझ्या शेजारी जो बसतो त्याला आम्ही जांभई म्हणतो, कारण कसलीही भयंकर धमकी वाचली तरी त्याला जांभईच येते. हे वाचताना त्याला ती आली नाही. तो कुजबुजला, की ही एका माणसाची भाषा नाही, ही टोळी आहे. 'दूध उतू चाललंय' ही खूण असणार आणि लाटणं हे कसल्या तरी हत्याराचं नाव असणार. मला ते लगेच पटलं. (मला कुठलीही वाईट गोष्ट लगेच पटते.) त्या दिवसापासून मी घरी जाताना रस्ते बदलू लागले. प्रत्येक दुकानाच्या काचेत मागे कोण आहे ते बघायचे. दाराला आतून खुर्ची लावायचे. एका संध्याकाळी माझ्याच शेगडीवर माझंच दूध उतू गेलं, तर मी गॅस बंद करायच्या आधी खिडक्या बंद केल्या.

आमच्या मुख्य बाईंना आम्ही थोरल्या बाई म्हणतो. त्या आवाज कधीच चढवत नाहीत, म्हणून सगळे त्यांना टरकून असतात. त्या मला म्हणाल्या, की शुक्रवारपर्यंत या माणसाचं सगळं जुनं बोलणं वाचा आणि धमकी खरी आहे का ते ठरवा. खरी असेल तर नाव-पत्ता पोलिसांकडे जाईल. मी वाचायला बसले. आणि एका ठिकाणी लिहिलेलं होतं, अरे उकडलेल्या बटाट्या, ताठ उभा राहा जरा. अहो, तुमचं खोकल्याचं औषध फळीवर आहे.

आत्या, तिथे मी तुला ओळखलं. बोललं की फोन लिहितो, हे तुला कोणी दाखवलं? (काका, खातं तुमच्या नावावर आहे. पोलीस तुमच्याकडेच आले असते. घाबरू नका, पुढे वाचा.)

उकडलेला बटाटा ही शिवी सगळ्या जगात एकच माणूस देतं. मला ती पहिल्यांदा मिळाली शाळेच्या दारात, मी रडून रडून लोळागोळा झाले होते तेव्हा. आपल्या घरातून त्याआधी कोणीच शाळेत गेलं नव्हतं. बाबा म्हणत होते, ही गेली तर धाकट्यांना कोण सांभाळणार. तू उंबऱ्यात बसून अशी काही ओरडलीस की सगळी गल्ली गोळा झाली, आणि शेवटी बाबा स्वतःच जाऊन पाटी घेऊन आले. तेव्हा तुला कोणी तीन ताकिदी दिल्या असत्या, तर आज मला एकही ताकीद लिहिता आली नसती.

आणि आता तुझं तोंड बंद करायचं काम माझ्याकडे आलंय. नात्यातल्या माणसाची बाब लपवली तर नोकरी जाते, असा आमच्याकडे नियम आहे. तुझे हात मांडीखाली घालूनही उपयोग नाही, तू तर तोंडानेच लिहितेस. दोन दिवस मी जेवले नाही. मग थोरल्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की जांभईला वाटलं, कुठलातरी नळ शिट्टी वाजवतोय. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "उत्तर येऊ दे. मग बघू."

बाकी सगळं बरं. काकांना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझी,
भाची

ता. क. – खरं काम आता सांगते. तुला तिसरी ताकीद गेलेली आहे आणि फोनवर तो प्रश्न आलेला असेल; तो काकांकडून वाचून घे. बोलायच्या आधी गॅस बंद कर, काकांना बाहेरच्या खोलीत पाठव, आणि फक्त "माझं चुकलं" एवढंच म्हण. हे तू आजवर कोणाला म्हटलेलं नाहीस, चहात मीठ घातलंस तेव्हाही घशाला बरं असतं म्हणालीस. पण फोन हा काही माणूस नाही. त्याच्यापुढे कसली आलीय लाज. माझ्या नोकरीसाठी म्हण.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायच्या आतच तुझं उत्तर येऊन पडलं. थोरल्या बाईंनी मला समोर बसवून ते वाचलं: "राग का आला म्हणून काय विचारता? चौघांनी धरलं तर गाडा जातो. मधेच एक जण सोडतो आणि म्हणतो, मला भीती वाटली. मग आम्हाला नाही वाटत? आम्ही धरून ठेवतोच ना. अहो, हे गेलं का लिहून? थांबा, पुसा, पुसा."

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. म्हणाल्या, "धमकी नाही. पण शिव्या आहेत." मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "आत्या तुमची ना? मग बटण तुम्हीच दाबा. मी बघते."

मी दाबलं, आत्या. महिनाभर तुला गाडा ढकलता येईल, बोलता येणार नाही. पोलीस येणार नाहीत. माझी नोकरी राहिली. महिनाभरात कोणी मधेच हात सोडला तर मला फोन कर, आणि त्याला जे म्हणायचं ते सगळं मला म्हण; घरी असले की मला ताकीद देता येत नाही. फक्त हे पत्र ऐकशील त्या दिवशी करू नकोस. त्या दिवशी मला तुझी फार भीती वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कर.