तोंडातला कापूस

गुरुवार, संध्याकाळ

सकाळी दाढ काढली. तोंडात कापूस, तरी आमच्या हातमाग केंद्रात विणकरांसोबत नव्या कोसा रेशमी साडीच्या काठाच्या नक्षीची बैठक घेतलीच. एरवी मीच विचारतो, मीच सुचवतो. सारे "हो भाऊ" म्हणून मोकळे. आज बोलताच येईना.

सारे माझ्या फुगलेल्या गालाकडेच पाहत बसले. मग विणकर सुशीलाबाई म्हणाली, "काठाच्या करवती नक्षीच्या दातांवर धानाच्या रोवणीच्या हिरव्या ओळी टाकू ना!"

दुसरा विणकर रामदास भडकला, "हिरवा कायले? पिकल्या धानाचा पिवळा पाहिजे!"

भांडता भांडता ठरलं, एका काठावर रोवणी, दुसऱ्यावर कापणी. मले जन्मात सुचलं नसतं. इतकी वर्षं कायले बोलत राहिलो मी?

येताना कापसाचं नवं पुडकं आणलं. बायको म्हणाली, "अजून दुखून राहिलं का?"

"नाही. सोमवारी बैठक आहे."