आई सत्काराला येणार न्हाई

बोरीजवळची वाडी,
२४ नोव्हेंबर २०२३

चि. लिंबाजीस बबिताचा आशीर्वाद. तूर शेंगांवर आली, बकरी व्याली, समदे खुशाल हाईत. असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं.

परभणीच्या सभेचा तुझा व्हिडिओ पाहिला. 'आंध आदिवासींचा वाघ' म्हणून लोक टाळ्या वाजवायले होते. गायरानावर ट्रॅक्टर आला त्या दिवशी हा वाघ डोंगराकडं पळताना आमी पाठमोरा पाहिला होता, म्हणून वळखायला जरा वेळ लागला.

आपण पिढ्यान् पिढ्या पिकवून खातो ते गायरान मोडायला बन्सीधर पाटील बंदूक अन् ट्रॅक्टर घेऊन येतोय कळलं, तवा तू पोरांच्या हातात कुऱ्हाडी दिल्यास. आमी बायांनी त्या काढून घेतल्या, केशरकाकूनं हिरीत टाकल्या. आई म्हणली, "कुणाचं रगत सांडलं तर वाडी जेलात जाईल अन् जमीन त्याची होईल." तू म्हणलास, "बायांनी चुलीपाशी बसावं."

आमी ट्रॅक्टरापुढं बसलो. पाटलानं हवेत बार काढला. कुणी उठलं न्हाई. आई समद्यांत पुढं, उजवा हात पदरात धरून. ट्रॅक्टरवाला पप्पू पाटलाचाच गडी. तो खाली उतरला, म्हणला, "मालक, बायांच्या अंगावरून मी न्हाई नेणार." पोलीस आले तर आमच्याकडं साधा विळा न्हाई. पाटलाची बंदूक तेवढी पोलिसांच्या जीपमधून गेली.

आता तुझा निरोप आला, की स्टेजवर आईचा सत्कार करायचा अन् तिनं माईकवर सांगायचं, लिंबाजीनं धीर दिला म्हणून. लय मोठं मन हाय तुझं.

तिचा हात प्लास्टरात हाय. लोक इचारतेत, पाटलानं मारलं का? ती म्हणते, बांधावरून पडले. तुझ्या हातातली कुऱ्हाड ती सोडीना, तवा तू दांडा हाणलास तिच्या मनगटावर. मी शेजारीच होते. पाटलानं बंदूक आणली, पण बाईवर हात टाकला न्हाई. त्या दिवशी एकाच बाईला मार लागला, अन् तो घरचा होता.

काल आई म्हणली, "लेकरू हाय, जेवायला ये म्हणावं." म्हणून लिहिलं. एकटा ये, जेव, जा. तिला स्टेजवर नेलंस तर मी बी चढीन अन् हात कुणी मोडला ते सांगीन. तिच्याएवढी माया माझ्याजवळ न्हाई.

इलाज न्हाई म्हणून तुझी थोरली बहीण,
बबिता