नातेपुत्याला कोणता बॉक्स न्यायचा

७ मे

फाटला! धम्मप्रियाचं गाणं ऐन रंगात, आणि माझ्या गिटारच्या बॉक्समधून आधी कापड टरकावल्यासारखा आवाज आला, मग नुसती फरफर. बडेसाबनं ऑक्टोपॅडवरच्या काठ्या खाली ठेवल्या, उठला, बॉक्सची जाळी काढली आणि स्पीकरच्या कागदात बोट घालून दाखवलं. बोट आरपार!

"संपला बे सिद्राम. आपल्याएवढाच म्हातारा हाय ह्यो."

यशपाल गायचा तेव्हापासूनचा बॉक्स. यशपाल गेला. आता त्याची पोरगी धम्मप्रिया ऑर्केस्ट्रा चालवते — दिवसभर चिंचोळीच्या कारखान्यात ऑफिसचं काम, संध्याकाळी गाणं. 'पहाटवारा ऑर्केस्ट्रा' हे नाव तेवढं माझं. टेम्पोवाले हसतात. हसोत.

सगळे गेल्यावर धम्मप्रिया माईक पुसत थांबली. "काका, नवा बॉक्स घ्यायलाच पाहिजे का? गिटार रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर पण मिळते. लॅपटॉपला लावली की झालं." माझा चेहरा बघून लगेच सावरली. "बरं, नातेपुत्याचं लग्न होऊ द्या. मग बघू."

मग बघू! या दोन शब्दांवर टांगलोय. नातेपुत्याला माझी गिटार जमली तर मी राहिलो. नाही जमली तर लॅपटॉप.

८ मे

बडेसाबच्या रिपेअरिंगच्या दुकानात दोन बॉक्स विकायला आलेत. म्हणतो, दोन्ही वाजवून बघ, एक ठेव.

९ मे

पहिला चार स्पीकरचा. मागून बंद, कोपऱ्यांना लोखंड, उभा केला की कपाटासारखा. उचलायला दोन माणसं. दुसरा एका स्पीकरचा, छोटा, आणि मागून चक्क उघडा — आतल्या वायरी दिसतात.

बडेसाबचं मत छोट्याला. "बंद बॉक्सचा आवाज नुसता पुढं पळतो. उघड्याचा मागं पण येतो. तुला ऐकू येतंय, मला येतंय, पोरीला येतंय. आनखी काय पाहिजे?"

आमची तालमीची खोली म्हणजे भवानी पेठेत गुरप्पाच्या टॉवेलच्या यंत्रमागांना चिकटून. मधे एक भिंत. खटाक्-खट, खटाक्-खट. आधी छोटा लावला. वाजवला. काही नाही! बोटं तारांवरून फिरतायत आणि गिटार कुठंतरी पाण्याच्या टाकीच्या तळाशी. बटण फिरवलं, आणखी फिरवलं. तरी तेच.

मग मोठा. आहाहा! छातीवरच आला. मागांच्या वरून, स्वच्छ, उन्हासारखा.

गुरप्पा स्वतः दारात. तो घरातसुद्धा रस्त्यापलीकडच्याशी बोलल्यासारखा बोलतो. "आता ऐकू आलं की ओ सिद्रामअण्णा! मघाशी वाजवत हुता का नुसतं खाजवत हुता?"

सगळे हसले. कीबोर्डवाला नवनाथ तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. "मोठाच ठेवा काका!" म्हणाला. धम्मप्रिया हसली नाही. "टेम्पोत मावेल का?" एवढंच.

११ मे

हे फक्त इथं लिहितो. डावा कान दिवाळीपासून गेल्यात जमा आहे. उजवा अर्धामुर्धा. मुक्ताला वाटतं, मी तिच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला त्याचं नवलही वाटत नाही.

डॉक्टरकडे गेलो तर मशीन देतील. कानाला मशीन दिसलं की धम्मप्रियाला वेगळं काही सांगायला नको. म्हणून मोठा बॉक्स! तो आवाज अंगावर येतो तेव्हा मी गाण्यात असतो. नाहीतर मी काचेबाहेर उभा, आत वरात चाललेली.

दुपारभर शाळा आठवत होती. आमचे गुरुजी कवितेचा अर्थ शेवटी सांगायचे. आधी चाल. टेबलावर पट्टी — लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात! अख्खा वर्ग डुलायचा. खिडकीबाहेरचा लिंबही त्याच ठेक्यात हलतो असं मला वाटायचं, आणि मी बाहेर बघतो म्हणून तीच पट्टी माझ्या पाठीत. पुढं जकात नाक्यावर पावत्या फाडतानासुद्धा हात त्याच चालीत. गिटार मला कुणी शिकवली नाही. उजव्या हाताला चाल येत होती, डावा तिच्यामागून जायला शिकला. यशपाल म्हणायचा, "सिद्राम, तू गिटार वाजवत नाहीस रे, कविता पाठ म्हणतोस."

कानानं दगा दिला तरी पाठांतर राहतं ना? राहत असेल. राहायला हवं.

१३ मे

गुरप्पाच्या कारखान्याला आज सुट्टी. मोठा बॉक्स, बटण त्या दिवशीच्याच जागेवर. पहिलाच फटका मारला — आणि धम्मप्रियानं दोन्ही कानांवर हात ठेवले! नवनाथ ओरडला, "काका! काका!" पलीकडच्या घरातून गौरम्मा पिठाच्या हातांनीच धावत आली.

"अय्यो! घर पाडताव का काय ओ अण्णा? आत्ता कुटं लेकरू झोपलं हुतं की!"

बडेसाबनं कपाळावर हात मारला. "आपण येडे हाव की नाई? बॉक्स कुटं बघितला? मागांत! नातेपुत्याच्या कार्यालयात काय माग बसवलेत का?"

खरंच! आमच्या पेठेबाहेर कुणी अशी चूक करणार नाही. आमच्याकडे शांतता हिशेबात धरायची कुणाला सवयच नाही. लग्नाच्या याद्यासुद्धा आम्ही ओरडून करतो.

छोटा लावला. धम्मप्रिया डोळे मिटून गायली. गाणं संपलं तरी डोळे मिटलेलेच. "हाच. हाच घ्या काका. किती दिवसांनी मला माझा आवाज ऐकू आला." बडेसाबनं मान डोलावली, नवनाथनं डोलावली.

मीही डोलावली. मला काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं.

म्हणजे — एक येत होतं. खटाक्-खट, खटाक्-खट. वायर गुंडाळायच्या निमित्तानं भिंतीकडे गेलो आणि हळूच तळहात टेकवला. रोज थरथरणारी भिंत गप्प होती. माग बंद होते.

१४ मे

जेवताना मुक्ताला विचारलं, माग चालू आहेत का गं? म्हणाली, "आपल्या घरी माग कधी ऐकू आलेत?" आणि भाकरी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

१७ मे

मोठा नेला तर मी मला ऐकू येईन, धम्मप्रिया तिला नाही. छोटा नेला तर उलटं. दोन्ही बाजूंनी विचार केला, तिसरी बाजू नाही.

यशपालच्या पोरीचा गळा बुडवायचा, का तर माझे कान बुडालेत म्हणून? — आणि छोटा नेला अन् भर लग्नात चुकलो तर? कुणी काही बोलणार नाही. पुढच्या तालमीला खुर्चीवर लॅपटॉप असेल. तोही माझ्याच खुर्चीवर!

बडेसाबला म्हणालो, मोठाच नेऊ, आवाज कमी ठेवीन.

"तू? कमी ठेवशील? वाजवताना हात बटणावर जातोय तुझा. रोज बघतो मी." मग जवळ सरकून, "छोटा का नक्को रे तुला? खरं बोल."

"चार स्पीकरचा स्टेजवर शोभतो."

"शोभायला नवरदेव हाईस का बे तू?"

हसलो दोघंही. तो माझ्याआधी थांबला.

२० मे

दुकानाबाहेर उभा होतो. बडेसाबनं मागून हाक मारली असावी. वळलो तर तो अगदी पाठीशी उभा, तोंड अजून उघडं. चहा सांगितला. माझ्या कपात साखर जास्त घालायला लावली — का ते कळलं नाही.

२२ मे

छोटा! सांगून टाकलं.

धम्मप्रियाला खरं वाटेना. "तुम्हाला तर मोठा आवडला होता."

"आवडून काय करू? टेम्पोत मावायला पाहिजे ना."

यशपालसारखीच हसली, मान मागं टाकून. तेवढ्यासाठी दोन्ही बॉक्स सोडले असते.

आता माझी युक्ती अशी — बडेसाबच्या काठ्या बघायच्या, धम्मप्रियाच्या पायाचा ठेका बघायचा, बाकी भुजंगप्रयात. डोळ्यांनी वाजवायचं. हे धाडस आहे की भित्रेपणा, मला ठरवता येत नाही. धाडस असतं तर सरळ सांगितलं असतं.

२४ मे

उद्या. तारा नव्या घातल्या, नवनाथच्या मोबाईलवर काटा बघून एक-एक सुरात लावली. काटा मधोमध आला की तार बरोबर — तेवढं तरी दिसतं! मुक्तानं शर्टाला इस्त्री केली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२६ मे

काय लिहू आणि कुठून लिहू!

निघायलाच उशीर. ऊन असं की टेम्पोच्या पत्र्याला हात लावता येईना. गिटार मागं सामानात, मी ड्रायव्हरशेजारी. नातेपुत्यात पोचलो तर अक्षता पडूनही गेलेल्या! मुलीचे मामा धावत आले, "चढा ओ, चढा लवकर, पावणे ताटकळल्यात!" आवाज तपासायला सवड कुठली? पिना खोचल्या आणि सुरू.

पहिलं गाणं. छोटा बॉक्स माझ्या पाठीशी, आणि मला फक्त माझे ते माग. बडेसाबच्या काठ्यांवर नजर रोवली ती हलवली नाही. मधे एकदा धम्मप्रिया वळून बघते आहे असं वाटलं, पण ती नवनाथकडे बघत होती. गाणं संपल्यावर बडेसाब उठून माझ्या मागं गेला — पंख्याची वायर पायात येत होती म्हणे. परत बसला. काठ्या उचलल्या.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, भीतीच गेली! काठ्या, तिचा पाय, माझा हात. लगागा लगागा. दुसरं गाणं, तिसरं, चौथं. नवरीच्या आत्या नाचायला उठल्या, म्हातारे टाळ्या धरायला लागले, मुलीचे मामा फेटा सोडून हवेत फिरवायला लागले. मला एक सूर ऐकू येत नव्हता आणि तरी मी आत होतो — काचेच्या आत! गुरुजी सांगायचे, ओळीत यति येतो तिथं थांबा रे, श्वास घ्या, तीही कविताच. तिथं मला ते कळलं असं वाटलं.

जेवणाच्या मांडवात धम्मप्रिया दोन ताटं घेऊन समोर येऊन बसली. समोर बसली की मला कळतं, ओठ दिसतात.

"काका, आज पहिल्यांदा गिटार गाण्याच्या खाली राहिली. मला किती मोकळं वाटलं सांगू! आता असंच वाजवत जा."

"आणि ट्रॅक?"

"कसला ट्रॅक?"

कसला ट्रॅक! मी आणखी एक जिलबी मागून घेतली. येताना रस्त्यानं दोन्हीकडे ऊस, मावळतीचं ऊन त्याच्या पात्यांवर, आणि मी सातवीच्या वर्गात बसल्यासारखा डुलतोय. बडेसाब खिडकीशी गप्प. दमला असेल. त्याला म्हणालो, तुझंच खरं, छोटाच बरा. त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मशीन कशाला हवं? कान गेले तर गेले. हात आहेत!

२८ मे

बडेसाब आला. मुक्ताला चहा टाकायला आत पाठवलं, माझ्या उजव्या बाजूला बसला आणि कानाशी वाकून सावकाश बोलला. टेम्पोतल्या उन्हानं गिटारच्या दोन तारा उतरल्या होत्या. पहिलं गाणं अख्खं बेसूर गेलं. मला कळलं नाही, हे त्याला कळलं. म्हणून पंख्याच्या निमित्तानं मागं येऊन त्यानं माझ्या बॉक्सची वायर काढली. परत लावलीच नाही.

धम्मप्रियाला त्यानं सांगितलंय, पहिल्या गाण्यात कीबोर्डची पिन सैल होती. बाकी काही नाही. "पुढं सांगायचं का नाही, तू ठरव."

रविवारी बार्शीला कार्यक्रम आहे. तिला निरोप धाडला, येतोय म्हणून. बॉक्सची वायर घरीच राहील.

आता बॉक्स कोणताही चालेल.