हरलेल्यानं आधी बोलायचं

आई, परवाच्या गुरुवारी एका पन्नाशी गाठलेल्या गॅरेजवाल्यानं मला सलग चार वेळा हरवलं, आणि घरी रावेतला परतताना मी गाडीवर चक्क गुणगुणत होते. हे तुला सांगावंसं वाटलं. तू जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर तू पहिल्याच ओळीला अडशील, "कुठला गॅरेजवाला, आन् तू त्याच्याशी कशाला भांडलीस?"

भांडण म्हणजे तोच गेम गं, मारामारीचा. पडद्यावर दोन जण समोरासमोर, ठोसे, लाथा, वर दोघांच्या जिवाच्या पट्ट्या, आणि ज्याची पट्टी आधी संपली तो आडवा. मी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाकडून ते जुनं मशीन आणलं होतं आणि तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "आवाज बारीक कर, शेजारी म्हणत्याल ह्यांच्या घरात जुंपली!" तुला वाटायचं नोकरी लागली की हे खूळ जाईल. नोकरी लागली, चाकणला क्वालिटीत आहे, दिवसभर लोकांच्या कामातल्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते, तुझ्या मते हे मला जन्मतःच येत होतं. खूळ मात्र गेलं नाही. कासारवाडीला स्टेशनजवळ आमच्यातल्याच एकाचा कॉम्प्युटर क्लास आहे, त्याची वरची खोली गुरुवारी रिकामी असते. गुरुवारच का, हे तुला सांगायला नको, भोसरी-चाकणच्या कंपन्यांचा सुट्टीचा रविवार गुरुवारीच येतो. गेली दहा वर्षं दर गुरुवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण तिथं जमतो, तीन टीव्ही लावतो आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत एकमेकांना बदडतो.

ह्या खोलीचा एक नियम आहे आणि तो मीच घातलाय. हरणाऱ्यानं खुर्ची सोडण्याआधी जिंकणाऱ्याला सांगायचं, तू मला कुठं हरवलंस. फार काही नाही, एक वाक्य. "मी उडी मारली की तू खाली वाट बघत असायचास." "मी घाबरले की मागंच सरकते, हे तू हेरलंस." आधी ते बोलायचं, मग उठायचं, त्याशिवाय पुढची मॅच लागत नाही. मुंबईहून कुणी खेळायला आलं की त्यांना हे शाळेसारखं वाटायचं, हसायचे. पण ह्या एका सवयीवर आमच्यातले कितीतरी कच्चे गडी पक्के झाले. मला त्या नियमाचा फार अभिमान होता, कारण पाळायची वेळ माझ्यावर क्वचितच यायची.

मग त्या गेमचा नवा भाग आला. आठ वर्षं जुन्यावर घासल्यानंतर नवा भाग येणं म्हणजे काय ते तुला कळेल, कसं कळेल ते पुढं सांगते. नाव तेच, रंगरूप जास्त देखणं, आणि आतलं सगळं उलटंपालटं. मी इतकी वर्षं जिला घेऊन खेळले ती जाडजूड पैलवानीण नव्या भागात नाहीच, तिला घेतलंच नाही. मला खरंच कुणीतरी घरातलं गेल्यासारखं झालं, हसू नकोस. त्यात माझा खेळ बचावाचा. समोरच्याला मारू द्यायचं, शांतपणे अडवत राहायचं, तो उतावीळ झाला की एकच सणसणीत द्यायची. नव्या भागात नुसतं अडवत बसलं की दुसरी एक पट्टी ओसरत जाते आणि ती संपली की आपला गडी धापा टाकत उभा राहतो, वाटेल त्यानं यावं आणि टपली मारून जावं. आणि सगळ्यात झोंबलं ते सोप्या बटणांचं. जो फटका मारायला आम्ही अंगठ्याला घट्टे पडेपर्यंत कंट्रोलरचा दांडा खालून पुढं फिरवायला शिकलो, तो आता नवख्याला एका बटणावर मिळतो. सुरुवातीला "सोपी बटणं" निवडायची की झालं. आमच्यातले निम्मे लोक दोन आठवड्यांत नव्याला रुळले. मी दात-ओठ खात बसले होते.

चाचा त्याच सुमाराला आले. भोसरीत त्यांचं दुचाकीचं गॅरेज आहे. आमच्यातल्या एकाची गाडी दुरुस्त करून किल्ली द्यायला ते खोलीवर आले, आणि दारात जे उभे राहिले ते तासभर हललेच नाहीत. कुणीतरी म्हणालं, "बसा की चाचा." त्यांनी खिशातलं फडकं काढून आधी हात पुसले, मग कंट्रोलर पुसला, आणि बसले. सोपी बटणं घेतली. त्यानंतर दर गुरुवारी यायला लागले, खरं तर गुरुवार म्हणजे त्यांचा धंद्याचा दिवस, कंपन्यांना सुट्टी असली की सगळे गाड्या घेऊन त्यांच्याकडेच जातात. तरी दीड तास काढून यायचे. महिन्याभरानं माझ्यासमोर बसले, आणि मी तीन मॅच ओळीनं हरले.

सगळे बघत होते. नियम मीच घातलेला, त्यामुळे मी काय बोलते ह्याची ते वाट बघत होते. आणि मी उठले, न सांगता उठले, आणि म्हणाले, "एका बटणावर सगळं होतंय. ह्यात खेळ कुठंय? हे तुम्ही नाही जिंकलात चाचा, गेमनं जिंकलंय." पडले तरी नाक वर, दुसरं काय! चाचा थोडं हसले. त्यांनी फडक्यानं कंट्रोलर पुसून टेबलावर ठेवला. "बरोबर हाय मॅडम," म्हणाले आणि चप्पल घालून जिना उतरून गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत.

मला तेव्हा बरंच वाटलं होतं, हेही लिहिते. माझं बघून आणखी दोघा जुन्यांना धीर आला. त्यांनी एका टीव्हीवर परत जुना गेम लावला, मीही तिकडं सरकले, माझी पैलवानीण मला भेटली. हरल्यावर बोलायचा नियम तर मीच मोडलेला, मग दुसऱ्यांनी का पाळावा? जो हरेल तो "सोपी बटणं आहेत" एवढं पुटपुटून उठायला लागला. नवीन लोकांनी किती गुरुवार ते ऐकून घ्यायचं? एकेक गळत गेला. दीड महिन्यात खोलीत आम्ही चार जण उरलो, चौघंही जुने, आणि एकमेकांची प्रत्येक चाल आधीच माहीत असलेले. जुनं जेवण तिसऱ्यांदा गरम केल्यासारखा तो खेळ झाला होता. क्लासवाला मित्र शेवटी म्हणाला, "राव, चार टाळक्यांसाठी खोली कशाला अडवायची? पुढच्या महिन्यापास्नं गुरुवारची पण बॅच लावतो. वाईट नको वाटून घेऊ." वाईट कसं नाही वाटणार! ह्या शहरात तुझ्यानंतर मला माझी म्हणून एवढी एकच जागा होती, आणि ती मी माझ्या तोंडानं घालवत होते.

त्या दिवशी घरी येऊन मी एकटीच नवा भाग लावून बसले. डोक्याला नवं कळत होतं, हात मात्र जुनंच करत होते. अडवायचं नाही हे ठरवून बसले तरी अंगठा मागं जायचा. आणि मला एकदम तुझा हात दिसला.

भोसरीच्या कारखान्यात तू गाडीतल्या वायरींच्या जुड्या बांधायचीस. समोर खुंट्या मारलेला उभा बोर्ड, कुठली वायर कुठल्या खुंटीवरून न्यायची ते ठरलेलं, मग टेप गुंडाळायची. तुझ्या लाइनवर तुझ्याइतकं भरभर कुणी करत नव्हतं. मग गाडीचं मॉडेल बदललं आणि एका सोमवारी जुना बोर्ड काढून नवा लावला. मी दुसऱ्या वर्षाला होते. तू संध्याकाळी घरी आलीस. जेवणं झाल्यावर फळकुटावर खिळे ठोकलेस, ते ओट्यावर भिंतीला टेकवून उभं केलंस आणि माझ्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचे धागे त्यावरून न्यायला लागलीस. लाल, पिवळा, काळा. तुझा डावा हात पुन्हा पुन्हा जुन्या जागी जातो, तिथं खिळाच नाही. तू उजव्या हातानं डाव्याला चापट मारतेस, लहान मुलाला मारावी तशी, आणि परत पहिल्यापासून सुरू करतेस. बीडकडची एक नवी मुलगी पंधरा दिवसांत तुझ्या पुढं गेली होती. मला तुझी कीव आली आणि मी शहाणपणा केला. म्हटलं, "तिचं काय गं मोठं? तिला जुना बोर्ड माहीतच नाही, विसरायला काही नाहीच तिच्याकडं."

तू लोकर खाली ठेवलीस. "गप. नाचता येईना अंगण वाकडं, ते मला नको शिकवू. तिचा हात चांगला हाय. तसं म्हणायला जीभ झिजती का?"

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तू डबा घेऊन त्या मुलीजवळ जाऊन बसायला लागलीस. घरी येऊन मला सांगायचीस, "ती लाल वायर आधी घेती. आपुन शेवटाला घेतो. तिथंच मार खातो बघ." तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी सापडल्याचा आनंद असायचा. मला तेव्हा वाटायचं तू पुन्हा पहिली येणार. नाही आलीस. आजारी पडून घरी बसेपर्यंत तू दुसरीच राहिलीस, ती मुलगी पहिली, आणि तुमची दोघींची जोडी सगळ्या लाइनला माहीत होती.

हे सगळं आठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कंपनीतून सुटल्यावर चाकणहून थेट भोसरी गाठली. चाचा एका मोपेडच्या पुढ्यात उकिडवे बसले होते. मला बघून उठले नाहीत, "बोला मॅडम, गाडीला काय झालं?" एवढंच. मी म्हटलं, गाडीला काही नाही, माझं एक वाक्य राहिलंय. आणि गंमत बघ आई, तिथं उभी राहिले आणि मला ते वाक्य येईना. आपण कुठं हरलो ते मी बघितलंच नव्हतं, बटणांकडेच बघत बसले होते. शेवटी तसंच सांगितलं, की चाचा, तुम्ही मला हरवलंत, गेमनं नाही, पण कुठं हरवलंत तेच मला कळलेलं नाही.

आता ते उठले. हात पुसले. "खरं सांगू का ताई? तुम्ही खाली पडल्या ना, की उठता उठता लाथ मारता. दर बारी. मी काय करतो, एक पाऊल मागं जाऊन गप उभा ऱ्हातो. लाथ हवेत गेली की देतो एक." मग ओशाळल्यासारखे हसले. "बटण तर सोपंच हाय. माझी बोटं बघा, ह्यांना काय तुमच्यासारखं फिरवायला जमतंय? पण कवा दाबायचं ते बघाया लागतं ना. गाडीचा आवाज ऐकतो, तसं तुमचं ऐकत होतो."

दहा वर्षांत एकानंही मला सांगितलं नव्हतं, की मी उठता उठता लाथ मारते. जुन्या भागात ते खपायचं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, अगदी खरं सांगायचं तर, ताबडतोब जाऊन खेळावंसं वाटलं. मी त्यांना गुरुवारी या म्हणाले. ते म्हणाले, "बघतो." माफी मागितली का विचारशील, तर हो, मागितली, आणि चहा त्यांनी पाजला.

ते आले. येताना शेजारच्या पंक्चरवाल्याला घेऊन आले, आणि गाडी घ्यायला आलेल्या नांदेडकडच्या एका ऑपरेटर बाईलाही, तिनं आयुष्यात कंट्रोलर धरला नव्हता. मी हरले, खुर्चीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुठं हरले ते सांगितलं आणि मगच उठले. पुढच्या मॅचला आमच्यातला एक आयटीवाला हरला, उठता उठता माझ्याकडं बघून परत खुर्चीत बसला, आणि तोही बोलला. गळालेल्यांना मी एकेकाला फोन केले. सगळे नाही आले, दोघं तर कायमचे दुखावलेत आणि त्यांचं बरोबर आहे. पण परवा खोलीत सतरा जण होते, क्लासवाल्यानं बॅचचं नाव काढलं नाही, उलट चौथा टीव्ही कुठून मिळेल ते विचारत होता. जुना गेम कोपऱ्यातल्या टीव्हीवर असतो, ज्याला आठवण येईल त्यानं तिथं जावं. मी जाते अधूनमधून. बाकी वेळ नवीन शिकते, एका बारीक चणीच्या पोरीला घेऊन खेळते, पडले की हात मांडीवर ठेवून गप्प उठायचा सराव करते, आणि हरते. पूर्वीपेक्षा पुष्कळ हरते. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

हे पाठवायचं असतं तर एवढं पाल्हाळ लावलं नसतं, पण हे वहीतच राहणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकते. तुझ्या आजारपणातली एक दुपार. तू गादीवर उशीला टेकून बसली होतीस आणि म्हणालीस, "आण ते हिकडं, मी बी बघते काय असतंय." मी दुसरा कंट्रोलर तुझ्या हातात दिला. तुला एकच बटण सापडलं, लाथेचं, तेच तू दाबत होतीस. मधेच हात दुखायचा म्हणून थांबायचीस, मी पुढं यायचे, आणि तू परत दाबायचीस. माझी पट्टी संपली. तू पडद्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि तुझे डोळे भरून आले. "मुद्दाम हरलीस व्हय गं? आईला खूश करायला?" मी नुसती हसले आणि तुझे पाय दाबायला घेतले. तू ते तसंच धरून चाललीस, येईल त्याला सांगत होतीस, पोरीनं मला जिंकवलं म्हणून. मी तसंच राहू दिलं, कारण त्यात मी चांगली दिसत होते. आई, मी मुद्दाम हरले नव्हते. जीव तोडून खेळत होते. तू मला हरवलं होतंस.