वाटी पेटीत आहे

२२ फेब्रुवारी १९५४, सोमवार. आष्टी

सामाजीला आज बैलगाडीतून माझ्या घरी आणले. ज्वर उतरत नाही; डॉक्टरांनी हात टेकले. सामाजी म्हणजे सॅम्युएल थळकर — बेने इस्राएल यहुदी, मूळचा कोकणातला, जंगल खात्याचा सर्व्हेअर, आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत प्रत्येक नाला पायाखाली घातलेला माणूस — आणि आज उशीवरून मान उचलत नाही! पत्नी वारली. मुलगा दाविद मुंबईला. त्याला तार केली.

माझे घर सोनीबाई सांभाळते. तिने ओसरीत खाट घातली. "सर्वेअरबाबू, कसं वाटून राह्यलं?"

"जंगल मोजून झालं, सोनीबाई. आता जंगल मला मोजतंय."

२३ फेब्रुवारी

त्याला थोडी हुशारी आली, आणि लगेच वाद! इतक्या वर्षांचा तोच वाद, तो यहुदी आणि मी ख्रिस्ती झालेला ब्राह्मण शास्त्री. मी पुन्हा रोमकरांस पत्रातले पौलाचे जैतुनाचे झाड मांडले — मूळ इस्राएल. काही फांद्या तुटल्या आणि त्यांच्या जागी आम्ही रानटी फांद्या कलम झालो. परंतु मूळ आम्हांस पोसते, आम्ही मुळास नव्हे. अंती सर्व इस्राएल तारले जाईल. देवाने अब्राहामाला दिलेले वचन परत घेतलेले नाही. हे मी मानतो. आमच्यातले पुष्कळ मानीत नाहीत.

"शास्त्र्या, चांगल्या झाडावर रानटी फांदी कोण बांधतो रे? तुझा पौल एक दिवससुद्धा जंगलात राहिला नसावा."

"हे निसर्गाविरुद्ध आहे, असे तो स्वतःच म्हणतो."

"मग निदान खरं बोलला!"

हसता हसता त्याला ठसका लागला. सोनीबाई पाणी घेऊन धावली आणि मलाच रागावली — "आजारी मानसासंग भांडता काऊन, बाबा?"

२४ फेब्रुवारी

पाद्री गुणवंतराव चांद्याहून आले. रोग्याला पाहिले, मग मला अंगणात नेले. "उशीर करू नका. बाप्तिस्मा उरकून घ्या."

मी म्हणालो, तो मागत नाही. आणि वचन त्याच्या कुळाला आहेच.

"ती वचने आता मंडळीची झाली, शास्त्रीजी. वारस बदलला."

"देव वारस बदलत असेल तर उद्या आपल्यालाही बदलेल. मग आपण कशाच्या भरवशावर बसलो आहोत?"

त्यांनी ओसरीकडे एकदा पाहिले. मग अगदी हळू म्हणाले — ते वाक्य कानातून जात नाही! — "आणि आपला अर्थ चुकला असला, तर शिक्षा कोणाला? आपल्याला नव्हे. त्याला."

जाताना बाप्तिस्म्याची पितळी वाटी कोनाड्यात ठेवून गेले. सोनीबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडीत होती. तिने सारे ऐकले.

संध्याकाळी तिने विचारले, "पादरी म्हनत होते ते खरं हाये का, बाबा?" मी जैतुनाचे झाड पुन्हा सांगू लागलो. तिने मध्येच तोडले — "माह्यं लेकरू भिंतीच्या बाहेर हाये."

मला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी गेले, पाद्री पोहोचण्याआधी, बाप्तिस्म्याविना. त्या वेळच्या पाद्र्यांनी दफनभूमीच्या आत जागा दिली नाही. त्याला नावही ठेवलेले नव्हते. पुढे मी तिला किती वचने वाचून दाखविली! ती ऐकते, मान हलविते, आणि भिंतीबाहेर जाऊन बसते.

२५ फेब्रुवारी

त्याला ती वाटी दिसली. "ही कोणासाठी?"

मी ती कोनाड्यात मागे सरकवली.

"शुद्ध हरपली तर माझ्यावर पाणी घालू नकोस, शास्त्र्या. शब्द दे. बाप जसा गेला तसाच मला जाऊ दे. नदीकाठच्या मोहाच्या झाडाखाली, बायकोच्या शेजारी. पाय यरुशलेमकडे."

शब्द दिला. त्याचा तळवा तव्यासारखा तापलेला.

"आणि ते तुझं सर्व इस्राएल — त्यात मीही आलोच ना? मग घाबरतोस कशाला?"

मी घाबरतो हे त्याला कसे कळले!

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

सूर्यास्ताला त्याने खुणेने दिवा मागितला. शब्बाथाचा दिवा, एरवी त्याची पत्नी लावीत असे. आज मी लावला — खोबरेल तेलाचा, तीन वातींचा. बाहेर मार्कंड्याच्या जत्रेला निघालेल्या गाड्यांची रांग, घुंगरांचा आवाज, "हर हर महादेव" चालले होते.

सोनीबाई म्हणाली, "घर ख्रिस्ताचं, दिवा यहुद्याईचा, अन् रस्ता महादेवाचा. देवानं उतरावं तं कुठी?"

सामाजी हसला. त्याने शमा म्हटली, देव एकच अशी ग्वाही देणारी त्यांची प्रार्थना, शेवटचा शब्द लांबवून. त्यानंतर एक शब्दही बोललेला नाही.

२७ फेब्रुवारी

शुद्ध नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थना मलाच चालवायची होती. सोनीबाई आली नाही. "तुमी जा, मी बसतो त्याईच्या जवळ," म्हणाली. तिची माया पाहून बरे वाटले. मी रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायावर, त्याच जैतुनाच्या झाडावर बोललो. तोंडाने बोलत होतो आणि मनात पाद्र्यांचे वाक्य — शिक्षा कोणाला? त्याला.

घरी परतलो तेव्हा तो शांत होता. कपाळ ओलसर, घाम आला असावा. सोनीबाई पदराने पुसत होती.

दुपारी ती नदीवर गेली आणि मी एकटा उरलो. मी वाटी उचलली. हे मी कोणाला सांगणार नाही. फक्त या पानाला. घड्यापर्यंत गेलो. ओंजळभर पाणी, तीन नावे — बस्स! मग त्याचा निकाल माझ्या विद्वत्तेवर टांगलेला राहणार नव्हता. सत्तरी उलटेपर्यंत ज्या वचनावर बोललो, त्यावर माझा स्वतःचा विश्वास एका वाटीएवढाही नाही काय?

परत फिरलो. वाटी पेटीत घातली, कुलूप लावले, किल्ली जानव्याच्या जागी — जुनी सवय! — गळ्यात अडकविली.

१ मार्च

उजाडता उजाडता गेला.

त्याच्या समाजाचे येथे कोणी नाही, म्हणून आम्हीच धुतले — मी, आणि त्याच्या मोजणीची साखळी आयुष्यभर ओढलेला जंगू गोंड. खड्डा जंगूनेच खणला. दिशा मी सांगू लागलो तर म्हणाला, "मले माहीत हाये. बाईसाठीबी मीच खनला होता." मला जेवढी येते तेवढी शमा म्हटली. येशूचे नाव ओठांवर आले, आवरले.

जंगूने मातीवर साखळीची एक कडी ठेवली. मी काढली नाही.

२ मार्च

दाविदची तार आली. गुरुवारी पोहोचतो.

शब्द पाळला. तरी मोहाकडे पाहवत नाही. काल रात्री ओसरीतली खाट रिकामी नव्हती, असे वाटते. पण त्या अंधारातही एक गोष्ट माझ्या पदरी आहे — मी त्याला त्याच्या देवाच्या हाती, त्याच्याच नावाने सोडले.

३ मार्च, राखेचा बुधवार

प्रार्थनेहून परतलो. सोनीबाईच्या कपाळावर राखेची खूण. चूल न पेटविता माझ्यासमोर बसली.

"आज पाप सांगाचा दिवस हाये, बाबा. पाप हाये का नाई ते मले समजत नाई. आयतवारी तुमी देवळात गेलते ना? चमच्यानं त्याईचे ओठ ओले करत होतो. तेच पानी कपाळावर टाकलं. तीन डाव. बापाच्या, लेकाच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं."

माझा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

"माह्यं लेकरू गेल्यावर तुमीच तं शिकवलं होतं — जीव जात असन तं पादऱ्याची वाट पाहू नोको, कोनीबी करू शकते. मले तवा माहीत नोहोतं. आता होतं. अजून एक भिंतीबाहेर कसा टाकू, बाबा?"

आमच्या नियमाप्रमाणे तो बाप्तिस्मा पक्का आहे. कोणाला पुसता येत नाही.

"रागावले का?"

नाही म्हणालो. तिने चूल पेटविली. ती गुणगुणत होती, किती वर्षांनी!

दाविद उद्या येतो. बापासाठी कद्दिश, त्यांची मृतांमागची प्रार्थना, म्हणेल, आणि विचारील — शेवटी जवळ कोण होते?

किल्ली गळ्यात आहे. वाटी पेटीत आहे, कोरडी.