असिड्युअस आणि शर्टाची सहा बटणं

अहो,

फिजिओथेरपीवाल्या बाईंच्या रिपोर्टात तुम्हाला ‘असिड्युअस’ म्हटलंय. मी घाबरलेच. उजव्या हाताचं दुखणं कमी होतं म्हणून आता हे काय नवीन? शब्दकोशात पाहिलं, तर अर्थ निघाला: न कंटाळता, नेटाने काम करणारा.

वाक्यात उपयोग, पहिला प्रयत्न: माझा नवरा असिड्युअस आहे.

एकटीच हसले. बाईंनी दिलेल्या रबरी चेंडूवर बोटभर धूळ आहे. व्यायामाचं विचारलं की तुमचं ठरलेलं, "उद्यापासून नक्की." वाटलं, दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट आलाय.

मग माझा शिवणाचा डबा उघडला. त्यात सगळी बटणं एकत्र कालवलेली असायची. आता ती रंगांप्रमाणे दोऱ्यात ओवलेली आहेत, अगदी लहान मुलांच्या कपड्यांची इवलीशी बटणंसुद्धा. दुपारी माझा डोळा लागतो तेव्हा घरात जागं असतं कोण?

दुसरा प्रयत्न: माझा नवरा असिड्युअसपणे बटणं ओवतो आणि रोज सकाळी स्वतःच्या शर्टाची मात्र माझ्याकडून लावून घेतो.

का, ते विचारत नाही. टेलरिंगच्या दुकानातून मला कामासाठी दोनदा बोलावणं आलं. "यांचा हात बरा झाला की येते," असं मी तुमच्यासमोरच फोनवर सांगितलं होतं.

आज कामावर चाललेय. घाबरू नका, सहाला घरी येते. जेवण झाकून ठेवलंय. शर्ट खुर्चीवर आहे, बटणं सहा आहेत. संध्याकाळी दार उघडाल तेव्हा तो अंगात हवा.