बझर काढल्यानंतर

सिल्व्हर पार्क, मीरा रोड (पूर्व)
११ जानेवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम, वि. वि.

दिवाळीपासून तुला मोकळेपणाने काही कळवलं नाही, त्याबद्दल माफ कर. फोन होतात, पण एका खोलीच्या घरात फोन म्हणजे बाबांसमोरच बोलणं, आणि ते स्पीकर लाव म्हणतात. म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. उत्तर माझ्या ऑफिसवर पाठव.

आई गेल्यापासून मी कामावरून आले की बाबा आणि मी टँकची लढाई खेळतो, हे तुला माहीत आहे. त्यावरून चिडवतोसही. खेळ कधी नीट सांगितला नव्हता, आता सांगावा लागेल. रिमोटवर फरशीवर पळणारे दोन्ही छोटे टँक घरीच केलेले, सर्किट आमचंच. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसा न दिसणारा इन्फ्रारेड किरण टँकच्या नळीतून सुटतो. तो समोरच्या टँकच्या पाठीवरच्या रिसीव्हरवर पडला की गोळा लागला. ज्याला लागला तो टँक थोडा वेळ जागीच थिजतो, चालत नाही, मारत नाही. तो वेळ मोजणारा भाग बाबांनी बसवला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेला माणूस, त्यांचे सोल्डरिंगचे टाके ज्वारीच्या दाण्यासारखे गोल असायचे.

गोळा लागला की बझर वाजायचा. दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरची रीमा आली. दीदी, बुरा मत मानना, पण बाळ दचकून उठतं म्हणाली. मी बझर काढून त्या जागी छोटा लाल दिवा बसवला. तेव्हापासून बाबांचं काहीतरी बिनसलंय. गोळा लागलेला असताना ते रिमोटची बटणं दाबत राहतात आणि तुझ्या सर्किटमध्ये लोचा आहे म्हणून माझ्यावर डाफरतात. परवा मी नसताना त्यांनी टँक उघडला आणि चांगले टाके पुन्हा वितळवले. सगळा लगदा. दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या. नियम मी रोज सांगते, ते मान हलवतात, आणि पुन्हा तेच.

मला वाटतं, बाबांची स्मरणशक्ती जातेय. त्यांना परभणीला घेऊन ये असं तू दोनदा म्हणालास आणि मी नाही म्हटलं. आता त्यांना दिवसभर एकटं ठेवणं मला शोभतं का? विचार करते आणि आत काहीच हलत नाही. वाईट वाटायला हवं, एवढं फक्त कळतं.

वहिनींना जय भीम. लोभ आहे, तसाच राहू दे.

तुझी,
संघप्रिया


परभणी
२२ जानेवारी २०२५

चि. संघा हिस,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. शिपायाने भर स्टाफरूममध्ये आणून दिलं, तर सगळे विचारायला लागले की सर, कोर्टाचं आलं का. आजकाल पत्र दुसरं कोण लिहितं? शाई मात्र अजून तशीच सांडतेस.

अठ्ठ्याहत्तरचा बाप आणि चव्वेचाळीसची लेक फरशीवर टँक पळवतात, हे मी इथं कुणाला सांगत नाही. तरी तुझं पत्र वाचून हसू आलं नाही. तुला सांगितलं नव्हतं, पण मागच्या रविवारी तू बाहेर गेली होतीस तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुझ्या वहिनीने हात केला तर बाबा नुसते बघत राहिले. ती बोलली तेव्हा म्हणाले, अगं सुचेता, तू आहेस होय. आपली मिनल मोबाईलसमोर वाकुल्या दाखवत होती, आणि ते विचारत होते की मिनल कुठंय, झोपली का. सुचेताने नंतर डोळ्याला पदर लावला. आजोबा नातीला विसरले म्हणाली.

मला ते सर्किट-बिर्किट कळत नाही. एवढं कळतं की तू साडेसातला अंधेरीला निघतेस आणि रात्री आठला येतेस. सुचेता दिवसभर घरी असते. तू खूप केलंस, कुणी नाही म्हणत नाही. पण त्यांना ठेवून घ्यायचं ते त्यांच्यासाठी की तुला रिकामं घर नको म्हणून, एवढं स्वतःला विचार. रागावू नकोस. लहानपणी रागावलीस की जेवायची नाहीस, तसं आता करू नकोस.

माया आहे म्हणून लिहिलं, हे ओळखून घे.

तुझा दादा,
समाधान


सिल्व्हर पार्क, मीरा रोड (पूर्व)
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण दवाखान्यात फेऱ्या चालल्या होत्या.

तुझं पत्र ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचलं. वहिनी बोलल्यावर बाबांनी त्यांना ओळखलं, या वाक्याशी थांबले. विसरलेला माणूस आवाजावरून एवढ्या पटकन नाव घेईल का? घरी आले आणि टँक त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. लाल दिवा लावला आणि विचारलं, चालू आहे का? ते म्हणाले, आहे की, बंद कर, बॅटरी उतरेल. मी दिवा बंद केला आणि तेच पुन्हा विचारलं. ते वैतागले. सांगितलं ना, बंद कर म्हणून!

स्वतःच्या बापाला मीटर लावून तपासल्यासारखं वाटलं. पण तपासलं.

त्यांनाही कळलं. रिमोट खाली ठेवून म्हणाले, बझर होता तोवर माझं बरं चाललं होतं. मधलं थोडं दिसतं, कडेचं सगळं गेलंय, आणि मधलंही धुरकट. बरेच महिने झाले. लपवलं का विचारलं, तर म्हणाले, समाधान गाडी घेऊन आला असता. मग मला टोमणा, बीएस्सी झालीस आणि बिघाड सर्किटात आहे की माणसात, एवढं कळायला तीन महिने लागले. मला हसायला यायला हवं होतं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची तर थेंब सकाळी, दुपारी, रात्री, एकही वेळ न चुकवता. दुपारी मी नसते. बाबा म्हणाले, मी घालीन. आठवडाभर बघितलं, त्यातले दोन दिवस रजा टाकून समोर बसले. थेंब गालावर, मिशीवर, एकदा कानात. आणि बरोबर पडला म्हणून सांगायचे. एक बाई ठेवायची म्हटलं, तर परक्या बाईसमोर मी मान वर करून पडणार नाही, हा हट्ट.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी शोधलं. दोघांसाठी ठेवून घेत होते, आणि त्यातलं माझ्यासाठीचं जास्त होतं, असं आता वाटतं. खात्रीने नाही सांगता येत. पण नजर टिकणं मोठं. काल त्यांना म्हटलं, बाबा, परभणीला जायचंय. त्यांनी वाद घातला नाही, वाद घातला असता तर मी मागे हटले असते. तिथे लाइट फार जाते का, एवढंच विचारलं. टँक बरोबर देऊ का म्हटलं, तर म्हणाले नको, समाधानला हरवण्यात काय मजा.

त्यांची बॅग मी भरली. स्वेटर, चष्मे, थेंबांच्या बाटल्या वरच्या कप्प्यात. रडू आलं नाही. जेवले, भांडी घासली, दार लावलं का ते पाहून आले आणि पुन्हा पाहून आले. सोडायला मीच येते, दोन दिवस राहीन. दुपारचा थेंब वहिनींना समोर घालून दाखवीन. बाबा मान ताठ करतात, कपाळावर हात ठेवावा लागतो.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस. बाबांना रोज एकदा तरी चिडव. आवाज ऐकला की त्यांना बरं वाटतं.

तुझी,
संघप्रिया

ता. क. उद्याचं काम : परभणीची तिकिटं काढणे. जाताना दोन, येताना एक.